दुसऱ्या बायकोचा बाप्तिस्मा

एखादं लैंगिक वर्तन पाप आहे की नाही हे ख्रिस्ती माणूस कशावरून ठरवतो, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: पवित्र शास्त्रात लिहिलं आहे, त्यावरून. उत्तर मनापासून दिलेलं असतं, यात शंका नाही. पण मंडळ्यांनी गेल्या चार-पाचशे वर्षांत प्रत्यक्षात जे निर्णय घेतले, त्यांच्याशी ते जुळत नाही. शास्त्रात ज्यांना स्पष्ट मनाई नाही अशा काही गोष्टी मंडळ्यांनी पाप ठरवल्या, ज्यांना स्पष्ट मनाई आहे अशा काही निमूटपणे सोडून दिल्या, आणि दोन्ही वेळा आपण शास्त्रालाच धरून आहोत अशी त्यांची खात्री होती. याला ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते ढोंग वाटत नाही. वचनाच्या जोडीला एक दुसरा प्रश्न हे लोक विचारत आले: या वागण्यानं कोणाचा विश्वासघात होतो, आणि त्याची किंमत कोण मोजतं? काही बाबतींत तो उघड विचारला गेला, काहींत वचनाच्या आड राहिला, काहींत विचारलाच गेला नाही. हा प्रश्न शास्त्राबाहेरून उसना आणलेला नाही, आणि तो टाळला की पापाचा निवाडा हमखास चुकतो, असं माझं म्हणणं आहे. ते तपासायला माळव्यातली दोन मराठी संस्थानं, धार आणि देवास, फार उपयोगी पडतात.

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचं मध्य भारतातलं मिशन १८७७ साली इंदूर-महूला सुरू झालं आणि १८९५ साली धारला पोहोचलं. पवारांच्या या राजधानीत डॉ. मार्गारेट ओहारा यांनी बायकांसाठी वैद्यकीय काम उभं केलं. पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले आणि अनाथ पोरं मिशनच्या दारात आली. दरबारात मराठी, बाजारात माळवी, डोंगरात भिली आणि मिशनरींच्या पेटीत वेस्टमिन्स्टरचं विश्वासपत्र, असा तो सगळा मामला होता. भिल्लांचं लग्न दाप्यावर ठरतं. म्हणजे पैसा मुलाकडून मुलीच्या बापाकडे जातो. दोघांनी पळून जायचं, एकत्र राहायला लागायचं आणि दाप्याचं मागाहून पंचांसमोर मिटवायचं, हेही चालतं. ऐपत असलेल्यानं दुसरी बायको केली तर त्यात कोणाला वावगं वाटत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे कायद्याच्या लेखीही भिल्लाची दुसरी बायको आजसुद्धा बहुधा बायकोच असते. आता अशा घरातला माणूस दोन्ही बायकांचा हात धरून बाप्तिस्मा मागायला आला तर पाळकानं काय करायचं? हा प्रश्न एकट्या माळव्याचा नव्हता. भारतात आणि आफ्रिकेत मिशनं जिथे जिथे गेली तिथे तो आधीच येऊन बसलेला होता.

शास्त्राकडे पाहावं तर पंचाईत. अब्राहामाच्या घरी सारा आणि हागार, याकोबाच्या घरी लेआ आणि राहेल, शिवाय त्यांच्या दासी. दावीद आणि शलमोन यांच्या राण्यांचा तर हिशोबच नको. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात दोन बायका असलेल्या माणसासाठी कायदा आहे, आणि तो दुसरी बायको करू नको असं म्हणत नाही. नावडतीचा मुलगा आधी जन्मला असेल तर आवडतीच्या मुलाला थोरलेपणाचा वाटा देऊ नको, असं तो बजावतो. नव्या करारात अध्यक्ष एका बायकोचा नवरा असावा असं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे, पण ती अट पदाची आहे. तरीही सतराव्या शतकातलं वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र, जे या कॅनडाच्या चर्चला प्रमाण होतं, एकाच वेळी एकाहून अधिक बायका असणं अधर्म्य आहे असं निःसंदिग्ध सांगतं. हे कशाच्या बळावर? उत्तर त्याच विश्वासपत्राच्या पहिल्या प्रकरणात आहे. देवाची इच्छा काही ठिकाणी शास्त्रात शब्दशः सांगितलेली असते, आणि काही ठिकाणी शास्त्रावरून योग्य आणि अटळ असं अनुमान काढून ती कळते, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे अत्यंत कडक समजल्या जाणाऱ्या प्रेस्बिटेरियनांनीही पाप ठरवताना अनुमानाला अधिकृत जागा दिली होती. शास्त्रातल्या मनाईच्या यादीत नाव नाही म्हणून सुटका नाही, आणि यादीत नाव आहे एवढ्यावरून शिक्षा नाही.

मग अनुमान काय निघालं? सगळ्यांचं सारखं निघालं नाही, आणि हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. १८३० च्या दशकात कलकत्त्यात निरनिराळ्या पंथांचे मिशनरी एकत्र बसले आणि एकमतानं ठरलं, की ख्रिस्ती होण्याआधी ज्यानं एकाहून जास्त बायका केल्या असतील त्यानं त्या सगळ्यांना ठेवावं, फक्त त्याला मंडळीत पद मिळू नये. मुंबईत अनेक वर्षं काम केलेले अमेरिकन मिशनरी डेव्हिड अॅलन यांनी आपल्या १८५६ च्या भारतावरच्या ग्रंथात हा ठराव नोंदवून ठेवला आहे. नाताळचे बिशप कोलेन्सो यांनी झुलू लोकांच्या बाबतीत हीच बाजू मांडली. कॅथलिकांकडे त्याच्याही अडीचशेहून अधिक वर्षं आधी, १५७१ साली, पोप पाचवे पायस यांनी परवानगी दिली होती, की अनेक बायका असलेल्या नवख्रिस्ती माणसानं जी त्याच्याबरोबर बाप्तिस्मा घेईल तिला ठेवावं, मग ती पहिली नसली तरी चालेल. आणि १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी उलट ठरवलं: असा पुरुष उमेदवार म्हणून शिकत राहील, पण बाप्तिस्मा नाही. गंमत अशी, की त्याच ठरावाच्या पुढच्या कलमात या पुरुषांच्या बायकांना काही प्रसंगी बाप्तिस्मा देता येईल असं म्हटलं. एकच घर, एकच लग्न. नवऱ्याला दार बंद, बायकोला उघडं. कृत्यच पाप असेल तर हे कसं? बिशपांना दिसत होतं, की ती बाई त्या लग्नात स्वतःच्या मर्जीनं आली नव्हती आणि स्वतःच्या मर्जीनं बाहेरही पडू शकत नव्हती. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला होता, पण अर्धाच. पुरुषाला बाप्तिस्मा हवा म्हणून त्यानं धाकटीला घराबाहेर काढलं, तर ती जाणार कुठे? धारच्या डोंगरात बापाकडे परत आलेल्या मुलीमागून दाप्याच्या रकमेचा तगादाही येतो. एका पुरुषाच्या शुद्धीचा खर्च असा एका बाईच्या अंगावर पडत होता. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, लॅम्बेथनं आपला निर्णय फिरवला. बायका हयात असेपर्यंत पुन्हा लग्न करणार नाही असं वचन त्यानं द्यावं, तिथल्या मंडळीची संमती असावी, आणि बायकांना सामाजिक हाल सोसावे लागतील म्हणून त्यांना सोडण्याची सक्ती होऊ नये. या शंभर वर्षांत बायबलमध्ये एकही नवं वचन आलेलं नव्हतं.

आता उलट बाजू. लेवीयाच्या अठराव्या अध्यायात, समलिंगी संबंधाला मनाई करणारं जे वचन हमखास पुढे केलं जातं त्याच्या तीनच ओळी वर, मासिक पाळीत संबंध ठेवू नका अशी तितकीच स्पष्ट आज्ञा आहे. आज कोणती मंडळी त्यावरून कोणाला शिस्त लावते? घटस्फोटावर येशूचे शब्द मार्कात अगदी बिनअपवाद आहेत. मत्तयात एक अपवाद येतो, पौल आणखी एक जोडतो, आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी तेवढ्या फटीतून दार बरंच रुंद केलं. आपल्याकडे ख्रिस्ती लोकांसाठी केलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरेसा होता, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरपणा किंवा परित्याग असं काहीतरी आणखी सिद्ध करावं लागे. पाप एकच, पण बाईच्या पदरी त्याचं वजन वेगळं. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ साली हा भेद रद्द केला, संसदेनं २००१ साली कायदा बदलला. मंडळीनं पुढाकार घेण्याची वाट पाहिली असती तर कदाचित अजून वाटच पाहत असतो. संततिनियमन लॅम्बेथनं १९२० साली धिक्कारलं आणि १९३० साली मर्यादित का होईना मान्य केलं. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी रोमनं त्याला पुन्हा पाप म्हटलं, आणि १९६८ साली तेच कायम केलं. वसई आणि गोव्यातल्या कॅथलिक घरांत या आज्ञेचं काय झालं हे लहान होत गेलेल्या कुटुंबांवरून कोणालाही कळतं.

नात्यातल्या लग्नाचं तर विचारूच नका. धार-देवासच्या मराठा घराण्यांत मामाची मुलगी ही हक्काची वधू, तर भोवतालच्या माळव्यात तिच्याशी लग्न म्हणजे बहिणीशी लग्न केल्यासारखं. लेवीयाच्या यादीत मामेबहीण नाहीच. कॅथलिकांना तिच्यासाठी खास परवानगी लागते, प्रोटेस्टंटांना लागत नाही. वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रानं मात्र वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्नाला मनाई केली होती, जे आपल्याकडे मुलांच्या भल्यासाठी सर्रास होत आलं आहे. कॅनडानं १८८२ साली आणि इंग्लंडनं १९०७ साली कायद्यानं ते खुलं केलं आणि विश्वासपत्रातलं ते कलम हळूहळू केवळ कागदावर उरलं.

या सगळ्यावर कॅथलिक परंपरेचं उत्तर असं, की म्हणूनच वचनांच्या कोलाहलात शिरू नये. निसर्गातला हेतू पाहावा, देहाची रचना कशासाठी आहे ते बुद्धीनं जाणावं. ही मांडणी भक्कम आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी ती सहसा वाचलेली नसते. पण ती केवळ कृत्याच्या आकाराला चिकटली की कुठे पोहोचते याचा पुरावा तिच्या सर्वश्रेष्ठ आचार्याकडेच आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं वासनेच्या पापांची उतरंड लावली तेव्हा निसर्गाविरुद्धची पापं सर्वांत वर ठेवली, आणि त्यांत हस्तमैथुनही येतं. साहजिकच, त्या गणितानं ते बलात्काराच्या वर बसतं. शेजाऱ्याला इजा करणारं पाप जास्त गंभीर नव्हे काय, ही शंका त्यानं स्वतःच घेतली आणि उत्तर दिलं, की निसर्गाविरुद्धचं पाप निसर्गकर्त्या देवाचाच अपमान करतं. तर्क बिनचूक, निष्कर्ष असह्य. आजचे कॅथलिक धर्मशिक्षक त्या उतरंडीवर बोट ठेवून शिकवत नाहीत, यातच दुसऱ्या प्रश्नाचा विजय आहे.

शास्त्र स्वतः हा प्रश्न कसा विचारतं ते नाथान संदेष्ट्याच्या गोष्टीत दिसतं. दावीदानं उरीयाची बायको घेतली, उरीयाला रणात मारवलं, आणि नाथान दरबारात आला. लैंगिक पापावरचा हा जुन्या करारातला सर्वांत प्रखर खटला. त्यात नाथान काय म्हणतो? राणीवशाबद्दल आक्षेपाचं अवाक्षर नाही. उलट आधीच्या राजाच्या बायकाही देवानं तुला दिल्या असं ऐकवतो. तो गोष्ट सांगतो ती श्रीमंताची, ज्याच्याकडे कळपच्या कळप असताना त्यानं गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली. आरोप आहे बळानं घेतल्याचा, आणि घेणारा राजा असल्यामुळे त्याला कोणी जाब विचारणार नव्हतं म्हणून घेतल्याचा.

इथे देवास येतं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी सचिव म्हणून तिथे राहिला. त्याचं घराणं इंग्लंडच्या क्लॅपहॅम या सुवार्तावादी मंडळींतलं. पणजोबा हेन्री थॉर्नटन हे गुलामगिरीविरोधी विल्बरफोर्सचे निकटचे सहकारी, आणि या मंडळींच्याच रेट्यानं १८१३ साली कंपनीच्या हिंदुस्थानात मिशनऱ्यांना वाट मिळाली. पणतू मात्र केंब्रिजमध्येच श्रद्धा गमावून बसला होता, आणि तो समलिंगी होता. देवासचे दिवस सांगणारं त्याचं पुस्तक १९५३ साली आलं, पण त्यात एक प्रकरण नव्हतं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ साली छापलं गेलं. राजवाड्यातल्या चाकरांत बोभाटा होईल या भीतीनं त्यानं महाराजांपुढे कबुली दिली. कृष्णभक्त महाराजांनी, बाई का नको, असं आधी विचारलं, मग रागावण्याऐवजी वाड्यातला एक तरुण न्हावी लावून दिला. पुढे फॉर्स्टर स्वतःबद्दल जे लिहितो ते महत्त्वाचं. त्या न्हाव्यानं बढाया मारून गोष्ट फोडल्यावर आपल्या वासनेत दुखवण्याची इच्छा मिसळली, असं तो सांगतो. समोरचा हक्क नसलेला गुलाम आणि आपण कोणालाही जाब न देणारे जुलमी, असं आपल्याला वाटू लागलं, आणि हे आपल्यात आधी कधी नव्हतं आणि नंतरही आलं नाही, असंही. वेस्टमिन्स्टरच्या प्रश्नोत्तरीत सातव्या आज्ञेखाली जी लांबलचक यादी आहे तिच्या लेखी या प्रकरणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच पाप घडत होतं. श्रद्धा सोडलेल्या या माणसाला मात्र त्यातला फरक कळला, आणि तो नाथानाच्या फार जवळ आला. तो न्हावी चाकर होता, पैसे घेणारा होता, नाही म्हणण्याची त्याची ताकद किती हे महाराजांनी विचारलं नाही आणि साहेबानंही. माझ्या मते इथलं पाप फॉर्स्टरच्या कबुलीच्याही आधी सुरू झालं. माणूस भेट म्हणून दिला गेला आणि घेतला गेला तेव्हा. त्याच्या जागी दासी असती तरी निवाडा हाच, आणि तिथे यादीनंसुद्धा कदाचित आवाज खाली आणला असता.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की मग पाप म्हणजे फक्त इजा, आणि दोघांची संमती असली की सगळं माफ. तसं होत नाही. करिंथकरांस लिहिताना पौल वेश्येकडे जाणाऱ्याला सुनावतो, तिथे व्यवहार निदान वरकरणी दोघांच्या राजीखुशीचा होता. ख्रिस्ती विचारात देह हा ज्याचा त्याचा माल नाही. तो प्रभूचा आहे आणि दिलेल्या वचनाला बांधलेला आहे. म्हणून विश्वासघात हा शब्द मी इजेच्या आधी घेतला. नवऱ्याला कधीच न कळलेल्या व्यभिचारानं दिसणारी इजा कोणालाच होत नाही, तरी तो पाप राहतो. संमती ही किमान पायरी आहे, आणि देवासला तीही नीट नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अनेकपत्नीत्व पाप ठरलं ते बायकांच्या हालांवरून नव्हे, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायावरून. येशूनं घटस्फोटाच्या वादात मोशेची सवलत बाजूला सारून आरंभीच्या त्या दोघांकडे बोट दाखवलं, आणि ते दोघं स्त्री व पुरुष आहेत. ज्या आधारावर दुसरी बायको नाकारता त्याच आधारावर समलिंगी जोडी नाकारावी लागेल. अर्धा अध्याय मानता येणार नाही. शिवाय रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आहेच. हा युक्तिवाद मला खोडता येत नाही, आणि तो करणाऱ्यांना केवळ द्वेष्टे म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण तो करणाऱ्यांनी आरंभीच्या त्या नमुन्याचा आदर्श म्हणून आदर राखत माणसांना त्याच्या अलीकडे जागा देण्याचं काम आधीच अनेकदा केलं आहे: फळद्रूप व्हा ही आज्ञा संततिनियमनापुढे वाकली, एकदेह होणं घटस्फोटितांच्या पुनर्विवाहापुढे वाकलं, आणि १९८८ साली तर एका घरातल्या अनेक बायकांपुढे वाकलं. प्रत्येक वेळी कारण एकच होतं. नियम कोणाला चिरडतो हे पाळकांना समोर दिसत होतं, आणि माणसानं एकटं असणं बरं नाही हे वाक्यही त्याच दुसऱ्या अध्यायातलं आहे. समलिंगी माणसाच्या बाबतीतच अनुमान पहिल्या पायरीवर का थांबवायचं, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं. ते देता येणार नाही असं मी म्हणत नाही. पण केवळ वचन दाखवून ते दिल्यासारखं होत नाही.

गुन्हा आणि पाप यांत फरक करायला इथल्या मंडळ्या शिकल्या आहेत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी समलिंगी लग्नाला विरोध कायम ठेवून, या माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही असं सांगितलं होतं. पाच वर्षांनी, प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा त्या कलमाचा भाग गेला. पण घराघरांत जे घडतं ते न्यायालयाच्या आवाक्यात नाही. मुलाचा कल आईबापांना कळतो, किंवा कळूनही ते कळल्यासारखं दाखवत नाहीत, आणि लग्न केल्यावर ताळ्यावर येईल म्हणून त्याला बोहल्यावर उभं केलं जातं. ख्रिस्ती घरही याला अपवाद नाही. यादीप्रमाणे या लग्नात एकही दोष निघत नाही. दोघं बाप्तिस्मा झालेली, एक पुरुष, एक स्त्री, आधीचं लग्न नाही. मंडळीत लग्नाची सूचना वाचली जाते, हरकत कोणी घेत नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाला जाहीर करावं लागतं, की रक्ताच्या किंवा सोयरिकीच्या नात्याची अगर अन्य कायदेशीर अडचण आमच्यात नाही. मामा, मावशी, मेहुणी यांची चौकशी त्यात पुरी होते. आपण कोणाशी लग्न करतो आहोत हे त्या मुलीला ठाऊक आहे का, हे विचारणारा रकाना त्या अर्जात नाही, आणि कायदा न बदलताही हा प्रश्न कोणत्याही पाळकाला विचारता येतो.